मापाची फीत

गुडघ्याच्या वाटीपासून वर दहा बोटं.
तिथं मी निळ्या शाईनं एक टिंब काढते
आणि फीत फिरवते.
क्लाक्सविकच्या इस्पितळात माझं काम एवढंच.
औषधाला अजून नाव नाही, नुसता आकडा आहे,
आणि खऱ्या-खोट्या बाटल्या
दिसायला सख्ख्या बहिणी.

हानुस एकोणीस दिवस यंत्राच्या श्वासावर होता.
न्यूमोनिया गेला,
पण जाताना मांड्या घेऊन गेला.
सहा वल्ह्यांच्या नावेत
तेवीस वर्षं तिसऱ्या फळीवर बसलेला माणूस,
त्याची कातडी हाडावर अशी लोंबत होती
जसा धाकट्याच्या पायात थोरल्याचा लोकरी मोजा.
"हे पाय कुणाचे?" त्यानं मला विचारलं.
मी म्हटलं, एकोणचाळीस सेंटिमीटर.

सहीच्या कागदाला अकरा पानं.
मार्यून डॉक्टर समजावत होती,
अंगात एक प्रथिन असतं, लगाम धरून बसलेलं.
स्नायूला म्हणतं, पुरे, वाढ एवढाच.
हे औषध तो लगाम सैल करतं.
निदान उंदरांच्या बाबतीत.
"उंदीर वल्ही मारतात?" हानुसनं विचारलं.
ती हसली नाही.
मला वाटतं, तिनं ते लिहून घेतलं.

दर दुसऱ्या मंगळवारी सुई, पोटात.
शेजारच्या खाटेवर रोकुर, मेंढरं राखणारा,
आतड्याच्या दोन शस्त्रक्रिया झालेला.
दोघं एकमेकांच्या मांड्या चोरून बघायचे,
पोरं शेजारच्याचे मार्क बघतात तसे.

रोकुरनं अंग धरलं.
आठव्या आठवड्यात त्रेचाळीस. मी फीत दोनदा फिरवली.
त्यानं अख्ख्या वॉर्डाला चाचपून बघायला लावलं,
झाडू मारणाऱ्या पोरालासुद्धा.
पण हात न टेकता खुर्चीतून ऊठ म्हटलं
की कपाळावर घाम.
मांस आलं होतं.
बळ अजून वाटेत होतं,
की चुकीच्या पत्त्यावर गेलं होतं, देव जाणे.
माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना आहे.
अरुंद आहे.

हानुसचं मात्र एकोणचाळीस, साडेएकोणचाळीस,
पुन्हा एकोणचाळीस.
घरी सोल्व्हा, त्याची बायको,
रुबार्बच्या जॅमची बरणी घट्ट बंद करून
त्याच्यासमोर ठेवायची
आणि मुद्दाम खाली धक्क्यावर निघून जायची.
परत यायची तेव्हा पाव कोरडाच खाल्लेला.
चार महिने.
मग एकदा ती आली
तर झाकण जमिनीवर, जॅम बाहीवर,
आणि तो झोपलेला.
हे त्यानं मला सांगितलं तेव्हा
मी फीत हातात घेऊन उभी होते.
कुठं लावायची, कळेना.

जानेवारीत पाकिटं फुटली.
रोकुरला औषध. हानुसला मीठपाणी.
"मीठपाणी होय!" तो म्हणाला,
"मग नवीन काय दिलंत?
जन्मभर तेच तर तोंडावर घेतलंय."
आम्ही हसलो. मार्यूनसुद्धा.
हसणं ओसरल्यावर तो खिडकीकडे बघत राहिला,
मग माझ्याचकडे, हळू आवाजात,
"सुई टोचली ना,
की मांडीत ऊब यायची.
खरंच यायची गं."

तिसऱ्या फळीवर आता एक मुलगी बसते,
कातड्याच्या कारखान्यातली, दंडानं रोकुरएवढी.
हानुस धक्क्यावरून तिच्यावर ओरडतो,
पाठ, पाठ, हात नंतर!
आणि ती त्याचं ऐकत नाही.

प्रयोग संपलाय. तक्ते कोपनहेगनला गेले.
औषधाला नाव मिळेल, नाही मिळेल.
तरी मंगळवारी, सुईच्या वेळेला, तो येतो,
पाटलोण वर करून बसतो.
मी दहा बोटं मोजते, टिंब काढते.
आकडा कुठंच लिहीत नाही.
फक्त हिवाळ्यात फीत गार असते,
म्हणून आधी ती थोडा वेळ
मुठीत धरून ठेवते.